कपिलधार, अप्पा आणि कुमारांची एलपी

एडिटरचा मेसेज दोनच ओळींचा होता. 'पावसाळी वीकएंडसाठी एखादी जागा सुचव, लोणावळा-माळशेज-ताम्हिणी सोडून. आणि ड्राइव्हमध्ये ऐकायला एक अल्बम, जरा हटके गायकाचा.'

जागा लगेच सुचली. कपिलधार. बीडपासून वीसेक किलोमीटरवर, मांजरसुंब्याजवळ, बालाघाटच्या डोंगररांगेत. धबधबा आहे, दरी आहे, संत मन्मथ स्वामींची समाधी आहे. पुण्या-मुंबईच्या 'टॉप टेन'मध्ये ती कधी नसते, आणि मराठवाड्यातल्या लिंगायत घरांमध्ये तिचा पत्ता कुणाला विचारावा लागत नाही. आमच्या घरातही नाही. लहानपणी मी ती अप्पांच्या खांद्यावर बसून पाहिली आहे.

अल्बमही सुचला. हटके गायक म्हणजे तुमच्या डोक्यात कुणीतरी लांब केसांचा, गिटारवाला आला असेल. माझ्या डोक्यात कुमार गंधर्व आले. जुन्या बाजारात एका रविवारी मला त्यांची 'त्रिवेणी'ची एलपी मिळाली होती. कबीर, सूरदास आणि मीरा यांच्या पदांची. कव्हरचा एक कोपरा उंदराने खाल्लेला. घरी रेकॉर्ड प्लेयर नाही, तरी घेतली. ऐकते मी फोनवरच.

अवघड होतं ते तिसरं. अप्पांना सोबत चला म्हणणं.

अप्पा आमच्या गावच्या भजनी मंडळात पंचवीस वर्षं गायले. कार्तिकी पौर्णिमेला कपिलधारची यात्रा असते, तेव्हा मंडळाची दिंडी निघायची आणि अप्पा पुढे असायचे. तीन वर्षांपूर्वी त्यांच्या गळ्याचं ऑपरेशन झालं. ऑपरेशन नीट झालं, पण एक स्वरतंतू हलायचा थांबला. आता त्यांचा आवाज म्हणजे अर्धा आवाज आणि अर्धी हवा. चार शब्द बोलले की श्वास घ्यावा लागतो. त्यानंतर ते एकदाही कपिलधारला गेले नाहीत. यात्रेच्या दिवशी काहीतरी काम काढतात. शेतात पाइप फुटतो, कुणाचं तरी लग्न निघतं.

मी फोनवर म्हटलं, 'अप्पा, माझं ऑफिसचं काम आहे. रस्ता दाखवायला कुणीतरी पाहिजे.'

'गूगल आहे की,' पलीकडून हवा आली.

'गूगलला भाकरी कुठं चांगली मिळते ते कळत नाही.'

दुसऱ्या दिवशी ते पुण्याला यायच्या एसटीत बसले होते.

तीन मिनिटांचा मुलगा

पुणे, अहिल्यानगर, जामखेड, पाटोदा, मांजरसुंबा. अडीचशे किलोमीटरच्या आसपास. पहाटे पाचला निघालो. सप्टेंबर होता. मराठवाड्यात जायचं तर जून-जुलैपेक्षा हाच महिना बरा. तिकडे पाऊस येतो तो उशिरा, आणि यायचं ठरवलं तर भाद्रपदात येतो.

शिरूर मागे पडल्यावर मी कुमार लावले. पाच मिनिटांत अप्पांनी हात पुढे करून आवाज कमी केला.

'ह्यो माणूस मधीच गाणं कामून सोडून देतो?'

ही तक्रार नवी नाही. कुमारांचं गाणं पहिल्यांदा ऐकणाऱ्या बहुतेकांची हीच असते. सूर लागतो, चढतो, आता पुढे भरपूर काहीतरी होणार म्हणून आपण सरसावून बसतो, आणि हे गृहस्थ गप्प. मग एकदम कुठून तरी वरून एक लहानशी, धारदार तान येते आणि पुन्हा शांतता. घराण्यांच्या शिस्तीत वाढलेल्या कानांना त्या काळी हे पटलं नाही. आज आपण ज्याला 'अवाँ गार्द' वगैरे म्हणतो, त्याला तेव्हाच्या मैफलीत 'हे काय चाललंय' म्हणत.

'अप्पा, यांचं खरं नाव माहितीये? शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकलीमठ.'

अप्पांनी वळून पाहिलं. 'मठ?'

'मठ.'

'म्हंजे आपल्यातलाच की!'

आवाज पुन्हा वाढला. तेवढ्यापुरती का होईना, संगीताच्या कामी जात आली.

8 एप्रिल 1924 रोजी बेळगाव जिल्ह्यातल्या सुळेभावी गावात, कानडी बोलणाऱ्या लिंगायत घरात हा मुलगा जन्मला. सात-आठ वर्षांचा असताना तो अचानक गायला लागला, आणि गायला लागला तो रेकॉर्डी ऐकून. त्या 78 आरपीएमच्या रेकॉर्डी, एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं. अब्दुल करीम खाँ, फैयाज खाँ, सवाई गंधर्व अशा एकेका दिग्गजाची तीन मिनिटं हा पोरगा जशीच्या तशी म्हणून दाखवायचा. हरकत तीच, खटका तोच. एका लिंगायत मठाच्या स्वामींनी त्याला 'कुमार गंधर्व' म्हटलं आणि शिवपुत्र हे नाव मागे पडलं. 1936च्या सुमारास मुंबईच्या जिना हॉलमध्ये एका संगीत परिषदेत तो गायला तेव्हा हॉलमधले मोठेमोठे गायक-वादक थक्क झाले.

थोडा विचार करा. बारा वर्षांचं वय, आणि जगाच्या दृष्टीने तुम्ही परफेक्ट. पण तुमचं स्वतःचं त्यात काय? काहीच नाही. तुम्ही एक चालतंबोलतं ग्रामोफोन आहात. त्यानंतर मुंबईत प्रोफेसर बी. आर. देवधरांकडे त्याचं शिक्षण सुरू झालं. देवधर मोकळ्या मनाचे. एकाच घराण्याचं कुंपण त्यांना मान्य नव्हतं. त्यांच्याकडे येणाऱ्या तऱ्हेतऱ्हेच्या गवयांना ऐकत, प्रश्न विचारत तो नकलेतून हळूहळू बाहेर आला.

'आमाला बी तसंच शिकवलं,' अप्पा म्हणाले. 'आज्ज्यानं म्हनलं तसं म्हनायचं. जागा हुकली की टाळ बसायचा डोक्यात.' त्यांना श्वास लागला. 'मी एक बी जागा हुकवली नाही. पंचवीस वर्षं.'

खाटेवरची वर्षं

जामखेडला थांबलो. पोहे, भजी, पुन्हा चहा. अप्पा हॉटेलात खुणेनेच ऑर्डर देतात. पोराला दोन बोटं दाखवली, कपाची खूण केली. मला हे माहीत नव्हतं. घरी ते बोलतात, बाहेर त्यांनी बोलणंच सोडून दिलंय हे मला त्या टेबलावर कळलं.

गाडी सुरू झाल्यावर मी कुमारांची पुढची गोष्ट सांगितली. खरं सांगायचं तर ती सांगण्यासाठीच मी हा अल्बम निवडला होता.

1947 मध्ये कुमारांचं भानुमती कंस यांच्याशी लग्न झालं. त्याच सुमारास क्षयाचं निदान झालं. कोरड्या हवेसाठी 1948 मध्ये हे जोडपं मध्य भारतातल्या देवासला राहायला गेलं. क्षय म्हणजे तेव्हा जवळजवळ शिक्षाच. स्ट्रेप्टोमायसिनचा शोध 1943 मध्ये लागला होता, पण भारतात ते औषध नुकतंच येऊ लागलं होतं आणि सहज मिळत नव्हतं. गायचं नाही, अशी डॉक्टरांची ताकीद. पंचवीस वर्षांचा, देशभर नाव झालेला गवई खाटेवर पडून, आणि ही स्थिती पाच-एक वर्षं. भानुताई शाळेत नोकरी करून घर चालवत होत्या. औषध मिळालं, जीव वाचला, पण एक फुप्फुस कायमचं निकामी झालं.

खाटेवर पडून त्या माणसाने काय केलं? ऐकलं. देवासच्या त्या घरावरून बाजाराला जाणाऱ्या बाया गात जायच्या. माळव्यातली लग्नाची, पावसाची, जात्यावरची गाणी. भिक्षा मागत फिरणारे नाथपंथी जोगी यायचे. त्यांचा आवाज गोड नसायचा, पण तो फेकलेला असायचा, समोर कुणी नसल्यासारखा. देवासलाच शीलनाथ महाराजांची धुनी आहे, तिथे निर्गुणी भजनांची परंपरा होती. हे सगळं तो माणूस मनात साठवत राहिला. नंतर त्याने माळवी लोकगीतं मोठ्या संख्येने जमवली, त्यांची नोटेशन्स केली, आणि त्या धुनांच्या पोटात दडलेले राग शोधून काढले. त्यांना नाव दिलं 'धुनउगम राग'. 'अनूपरागविलास' हे त्यांच्या बंदिशींचं पुस्तक 1965 मध्ये मौजेने काढलं.

1953च्या सुमारास ते पुन्हा मैफलीत गाऊ लागले तेव्हा लांबच लांब तानांचा, रेकॉर्डीसारखा बिनचूक मुलगा उरला नव्हता. छोटे छोटे तुकडे होते, आणि मध्ये मोकळी जागा.

'म्हंजे दम पुरंना म्हणून तो सोडून देतो,' अप्पा म्हणाले.

मला घाईघाईने 'हो' म्हणायचं होतं. पण ते खरं नाही, निदान पूर्ण खरं नाही. सगळं श्रेय आजाराला द्यायचं तर एका फुप्फुसाचा प्रत्येक माणूस कुमार गंधर्व झाला असता. दम कमी पडला हे खरं. पण कमी पडलेल्या दमाची लाज वाटून तो झाकायचा की त्यातच गाणं कुठे आहे ते बघायचं, हे त्या माणसाचं स्वतःचं. ती मोकळी जागा त्यांनी ठरवून ठेवली. तानपुरे दोन-दोन, आणि ते जुळवण्यात ते किती वेळ घालवायचे याच्या आठवणी त्यांना ऐकलेला प्रत्येकजण सांगतो. आपण गप्प झाल्यावर जे ऐकू येणार ते तानपुरेच. म्हणजे गप्प बसण्याचीही तयारी करावी लागते.

अप्पा काही बोलले नाहीत. पाटोदा आलं.

एका बाजूला वीस मिनिटं

अल्बमबद्दल लिही, असं मला सांगितलं होतं, तर थोडं अल्बमबद्दल.

लहानपणी कुमारांनी ज्या रेकॉर्डी पाठ केल्या त्या तीन मिनिटांच्या. एलपी जगात आली 1948 मध्ये, म्हणजे कुमार देवासला खाटेवर होते त्याच वर्षी. आपल्याकडे ती रुळायला आणखी दहाएक वर्षं गेली. एका बाजूला वीसेक मिनिटं. तीन मिनिटांत फक्त गाणं मावतं. वीस मिनिटं दोनदा मिळाली की एक अख्खी कल्पना मावते.

आणि कुमारांना कल्पनाच सुचायच्या. साठच्या दशकापासून त्यांनी जे कार्यक्रम केले, ते आजच्या भाषेत चक्क कन्सेप्ट अल्बम आहेत. 'गीतवर्षा' म्हणजे फक्त पाऊस. उन्हाच्या काहिलीपासून पहिल्या सरीपर्यंत आणि झडीपासून उघडिपीपर्यंत, राग आणि लोकगीतं शेजारीशेजारी. मग 'गीत हेमंत', 'गीत वसंत'. 'त्रिवेणी' म्हणजे तीन संतकवी, तीन वेगळे आवाज, एकच गळा. पुढे तुलसीदास, तुकाराम. हे आधी रंगमंचावर आलं, मग त्यातलं बरंच काही एलपी, कॅसेट, सीडी असं करत घरोघरी पोचलं. तुमच्या-माझ्या आईबाबांच्या शोकेसमध्ये त्यातलं एखादं सापडेलच.

माझा सगळ्यात आवडता मात्र 'मला उमजलेले बालगंधर्व'. त्याची एलपी एचएमव्हीने काढली. बालगंधर्व म्हणजे मराठी माणसाचं देव्हाऱ्यातलं दैवत. त्यांची नाट्यपदं म्हणायची तर ती त्यांच्यासारखीच म्हणायची, हा अलिखित नियम होता. कुमारांना तर ते सहज जमलं असतं, लहानपणी त्यांनी दुसरं केलं काय होतं? पण त्यांनी नक्कल केली नाही. बालगंधर्वांचं गाणं आपल्याला कसं उमजलं, तेवढंच गायले. काही लोक भारावले, काही भडकले.

'उमजलेले' हा शब्द जरा जिभेवर घोळवून बघा. 'ऐकलेले' नाही, 'शिकलेले' नाही. रेकॉर्डी पाठ म्हणणाऱ्या मुलाने चाळिशीत पोचून स्वतःच्या कामाला दिलेलं हे नाव आहे. ऑफिसात आपणही पहिली चार-पाच वर्षं कुणाची तरी नक्कल करत असतो. बॉससारखी मेल, सिनिअरसारखं प्रेझेंटेशन. उमजायला वेळ लागतो, आणि कधीकधी त्याआधी काहीतरी मोडावं लागतं.

निर्गुणी भजनांचं रेकॉर्डिंग हेडफोनवर ऐका. वसुंधराताई कोमकलींचा आवाज कुमारांच्या आवाजामागून येतो. भानुताई 1961 मध्ये गेल्या. पुढच्या वर्षी कुमारांनी त्यांच्या शिष्या वसुंधरा श्रीखंडे यांच्याशी लग्न केलं आणि पुढे हा दुसरा आवाज त्यांच्या गाण्याचाच भाग झाला. कुमार वाक्य अर्धवट टाकतात, त्या ते उचलतात. एकाने श्वास घ्यायचा, दुसऱ्याने सूर धरून ठेवायचा. रेकॉर्डवर या दोन आवाजांमधली फट ऐकू येते. चांगल्या रेकॉर्डिंगमध्ये तर श्वासही.

दरीत

मांजरसुंब्याच्या आधीच पठारावर पवनचक्क्या दिसायला लागतात. ढग इतके खाली आले होते की पाती वर जाताना गायब व्हायची आणि खाली येताना परत दिसायची. कडेला सीताफळीची झाडं. बीडच्या सीताफळाला जीआय मिळालाय. बालाघाटच्या या मुरमाड डोंगरात ती कुणी न लावता येतात. फळ खायचं तर दसऱ्या-दिवाळीच्या दरम्यान यावं लागतं. पण तोवर इथली निम्मी गावं रिकामी व्हायला लागतात. बीड जिल्हा म्हणजे ऊसतोड कामगारांचा जिल्हा. कारखान्यांची धुराडी पेटली की माणसं कोयते घेऊन पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात निघतात. सप्टेंबरात मात्र शेतात सोयाबीन उभं असतं, बाजरी निसवलेली असते आणि माणसं घरी असतात.

मुख्य रस्ता सोडला की आवाज बदलतो. हायवेच्या ट्रकचा गोंगाट मागे राहतो. वळणं घेत आपण दरीकडे जातो आणि धबधबा दिसण्याआधी ऐकू येतो. सुरुवातीला वाटतं, झाडांत वारा आहे. मग कळतं, हा वारा थांबत नाहीये.

कपिल मुनींनी इथे तप केलं म्हणून कपिलधार, असं सांगतात. काळ्या कातळावरून पाणी खाली कोसळतं. उन्हाळ्यात आलात तर इथे नुसता ओला डाग दिसेल. पावसाळ्यात पूर्ण धार. दुष्काळासाठी बातम्यांत येणाऱ्या जिल्ह्यात एवढं पाणी एकत्र पडताना बघणं, याचा अर्थ कोकणातल्या माणसाला कळणार नाही. आमच्या शेजारी उभ्या असलेल्या एक आजी धबधब्याकडे बघून हात जोडून उभ्या होत्या. बाजूला पाच-सहा पोरं सेल्फी काढत होती. आजींचं झाल्यावर त्यांनीही पोरांकडे फोन दिला, 'माजा बी काढ, लेकाला धाड.'

जवळच मन्मथ स्वामींची समाधी. सोळाव्या-सतराव्या शतकातले हे वीरशैव संत. बसवण्णांची बाराव्या शतकातली वचनं कानडीत आहेत. मन्मथ स्वामींनी मराठीत लिहिलं. 'परमरहस्य' हा त्यांचा ओवीबद्ध ग्रंथ मराठवाड्यातल्या अनेक लिंगायत घरांत आजही पारायणाला लावतात. त्यांचे अभंग भजनात म्हटले जातात. कार्तिकी पौर्णिमेच्या यात्रेला महाराष्ट्राबरोबरच कर्नाटक, तेलंगणातूनही दिंड्या येतात. तेव्हा या दरीत पाय ठेवायला जागा नसते, आणि गर्दीतल्या काहींची घरची भाषा कानडी असते. कानडी घरातून येऊन मराठीत नाट्यपदं आणि माळवीत लोकगीतं गाणारे कुमार माझ्या डोक्यात होतेच. ते इथे कधी आले होते की नाही, याच्याशी मला देणंघेणं नव्हतं. सीमेच्या दोन्ही बाजूंना एकच भजन म्हणणाऱ्या लोकांतला हा माणूस आहे, एवढं इथे उभं राहिल्यावर पटतं.

मंडपात

दर्शन झालं. निघायच्या बेतात होतो तर मंडपात टाळ वाजला. कुठल्याशा गावचं दहा-बारा जणांचं भजनी मंडळ आलं होतं. पांढरे शर्ट, गळ्यात लिंग, एक पखवाज, एक पेटी. अप्पांचे पाय थांबले. मी काहीच बोलले नाही.

त्यांच्यातल्या एका म्हाताऱ्याने अप्पांना ओळखलं. 'अवो, तुमी तर दिंडीत पुढं असायचात! या की, बसा.' आणि वीणा सरळ अप्पांच्या हातात.

मला वाटलं, आता अप्पा खूण करतील. गळ्याकडे बोट, नकारार्थी मान. आम्ही गाडीत जाऊन बसू. मी एक छान पावसाळी लेख लिहीन, ज्यात अप्पा नसतील.

त्यांनी वीणा घेतली. उभे राहिले. अभंग सुरू झाला तो त्यांचाच, आज्ज्याने शिकवलेल्या चालीचा. पहिलं चरण सगळ्यांनी म्हटलं. दुसऱ्याला मंडळी थांबली, कारण वीणेकऱ्याने एकट्याने म्हणायची ती जागा होती. पखवाज चालू होता. अप्पांनी तोंड उघडलं आणि दोन शब्द आले. गाणं म्हणावं असं नाही, खडबडीत, निम्मी हवाच. मग श्वास. मग पुन्हा दोन शब्द, सुरात. तिसऱ्यांदा आवाज निघालाच नाही. पखवाजवाला वाजवत राहिला. एका क्षणात त्या म्हाताऱ्याने पुढचं चरण उचललं आणि बाकीचे त्याच्या मागे गेले.

ती जागा हुकली होती. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा. कुणीही टाळ डोक्यात मारला नाही. बहुतेकांच्या लक्षातही आलं नसेल, कारण पुढच्या चरणाला अप्पांनी पुन्हा तेच केलं. दोन शब्द, थांबणं, आणि बाकीचं मंडळावर सोडून देणं. तिसऱ्या वेळी मंडळी न सांगता ती फट भरायला तयार होती.

मी व्हिडिओ काढला नाही. फोन हातात होता, तरी नाही.

दुसरी बाजू

परत निघालो तेव्हा चार वाजले होते. मांजरसुंब्याला ढाब्यावर बाजरीची भाकरी, पिठलं, शेंगदाण्याची चटणी आणि ठेचा. ऑर्डर अप्पांनी दिली. तोंडाने. पोराला पहिल्यांदा कळलं नाही, त्याने 'आँ?' केलं. अप्पांनी पुन्हा सांगितलं.

जामखेडपर्यंत आम्ही गप्प होतो. मग ते म्हणाले, 'लाव की त्याला.'

मी निर्गुणी भजन लावलं. अप्पा सीट मागे करून डोळे मिटून ऐकत होते. मला वाटलं झोपले. एका ठिकाणी त्यांनी बोट वर केलं.

'माघं घे थोडं.'

मागे घेतलं.

'हितं बग. हितं श्वास घेतोय तो.' ते थांबले, त्यांनीही घेतला. 'आन् ती बाई सूर धरून हाय.'

पुन्हा मागे घ्यायला लावलं. असं अहिल्यानगरपर्यंत चाललं. बायपासला पाऊस लागला, वायपर सुरू केले. अप्पांनी फोन माझ्या हातातून घेतला, म्हणाले, 'तू गाडीकडं बग,' आणि स्वतःच कुठे काय दाबायचं ते शोधू लागले.

एडिटरना मी कळवलंय की अल्बम एक नाही, दोन सुचवतेय. जाताना 'गीतवर्षा', कारण पाऊस. येताना निर्गुणी भजनं, कारण तेव्हा कुणालाच बोलायचं नसतं. कार्तिकी पौर्णिमेची सुट्टीही टाकून ठेवली आहे. अप्पांनी विचारलंय, गाडी रिकामी असेल तर मंडळातले दोघं येतील का.

निघण्यापूर्वी

कसं जाल: पुण्याहून अहिल्यानगर–जामखेड–पाटोदा–मांजरसुंबा हा रस्ता सोयीचा. पाच ते सहा तास धरा. छत्रपती संभाजीनगरकडून येणाऱ्यांनी सोलापूर हायवेने बीड गाठावं, तिथून मांजरसुंबा. एसटीने आलात तर बीडला उतरून पुढची गाडी बघा. सप्टेंबर 2025 मध्ये अहिल्यानगर–बीड रेल्वे सुरू झाली, तोही एक पर्याय आहे.

कधी जाल: धबधब्यासाठी ऑगस्टचा शेवट ते ऑक्टोबरची सुरुवात. श्रावणी सोमवारी गर्दी असते. कार्तिकी पौर्णिमेला यात्रा, तेव्हा गाडी लांब लावून चालायची तयारी ठेवा.

वाटेत: जामखेडच्या पुढे, पाटोदा तालुक्यात सौताड्याचा रामेश्वर धबधबा आहे. वेळ असेल तर बीडमधलं कंकालेश्वर मंदिरही बघा, पाण्याच्या मधोमध उभं आहे.

सांभाळा: जोराचा पाऊस चालू असताना धारेखाली जाऊ नका, कातळ शेवाळलेला असतो. हे देवस्थान आहे. दारूच्या बाटल्या आणि ब्लूटूथ स्पीकर घरी ठेवा. गाणी गाडीत ऐका, दरीत धबधबा ऐका.

काय ऐकाल: 'गीतवर्षा', 'त्रिवेणी', 'मला उमजलेले बालगंधर्व' आणि निर्गुणी भजनं. पहिल्या पाच मिनिटांत 'हा मधेच गाणं का सोडतो' असं वाटलं तर बंद करू नका. आणखी शंभर किलोमीटर द्या.